एका अंगणांत तीन खुराडीं
(नभोवाणीवरील भाषण)



‘कोंबडें झांकून ठेवलें म्हणून उजाडावयाचें राहत नाहीं’ ही म्हण आपण सर्वांनीं लहानपणापासून ऐकलेली आहे. तिचा अर्थ आपणांस ठाऊकच आहे. माझें लक्ष आज त्या म्हणींतील झांकणाकडे आहे. कोंबडें झांकावयाचें तें कशाखालीं? डालग्याखालीं. बांबूच्या कामट्यांचीं विणलेलीं, वर निमुळतीं व खालीं पसरट अशीं हीं डालगीं पूर्वीं कोंकणांतील कुळवाड्याच्या पडवींत दोन-चार तरी पालथीं घातलेलीं दिसत. एकाखालीं पिलांची आई आपल्या लेंकरांसह, दुसऱ्याखालीं खुडूक बसलेली, तिसऱ्याखालीं उद्यां बाजारीं न्यावयाचा कोंबडा, आणि उरलेलीं पांखरें ओट्याखालच्या कोनाड्यांत, अशी ती वांटणी असे. पुढें चिऱ्यांच्या भिंती व सिमेंटचे पत्रे आवाक्यांत आले, आणि आम्हां मंडळींनीं मोठ्या हौसेनें घरामागें एकेक प्रशस्त खुराडें बांधलें. आमच्याकडे त्यास गुडा म्हणतात. परंतु देशावरच्या श्रोत्यांसाठीं मी खुराडें हाच शब्द वापरणार आहें. एकच दार, एकच कडी, पाण्याचें भांडेंही एकच. सोय मोठी झाली. त्या सोयीची किंमत मीं कशी मोजली तें आधीं सांगतों, कारण आजचा सारा विषय त्यांतूनच निघालेला आहे.

ही गोष्ट १९९६ सालच्या मे महिन्यांतील. मी त्या वेळीं प्राथमिक शाळेंत शिक्षक होतों आणि रत्नागिरी जिल्ह्यांतील आमच्या गांवीं माझ्या घरीं २६ कोंबड्या होत्या. उन्हाळ्याची सुट्टी, हातांत वेळ, आणि आठवड्याच्या बाजारांत एक कोंबडा माझ्या मनांत भरला. तांबूस मान, हिरवट-काळें शेपूट, रुंद छाती. विकणारा इसम घाईंत होता. ती घाई मला संशयास्पद वाटावयास हवी होती. उलट तिच्यामुळें भाव उतरला ह्याचाच मला आनंद झाला. कोंबडा पिशवींत घालून घरीं आणला आणि दिवेलागणीस सरळ इतरांबरोबर खुराड्यांत सोडला. नवा पाहुणा आंतल्या मंडळींत मिसळला म्हणजे झालें, एवढीच माझी समजूत.

चौथ्या दिवशीं त्या कोंबड्यानें मान टाकली आणि सहाव्या दिवशीं तो मेला. उष्म्यानें मेला असावा असें मीं ठरवून टाकलें. त्यानंतर तीन दिवसांनीं माझीं पांखरें तोंड वासून श्वास घेऊं लागलीं. विष्ठा हिरवट, पाण्यासारखी झाली. कांहींच्या माना पाठीकडे पिळल्या जात, कांहींचे पाय लुळे पडत, आणि दाणा समोर दिसत असूनही चोंच भलतीकडेच आपटे. तें पाहावयास मन घट्ट करावें लागत असे. आठवड्याभरांत २६ पैकीं २३ गेलीं. खुराड्यांतील दोन कशीबशी वांचलीं; त्यांतील एकीची मान जन्मभर वांकडी राहिली.

दुःख तेवढ्यावर संपलें नाहीं. शेजारच्या काकूंच्या ११ कोंबड्या दिवसा आमच्या अंगणांत चरावयास येत. काकूंचे यजमान पूर्वींच वारलेले. एक नातू शिकत होता आणि त्याच्या वह्या-पुस्तकांचा खर्च अंड्यांवर चाले. त्या ११ ही गेल्या. काकू माझ्यावर रागावल्या असत्या तर बरें झालें असतें. त्या पायरीवर येऊन बसल्या व म्हणाल्या, “अरे, तो कोंबडा केवढ्याला आणला होतास?” मीं आंकडा सांगितला. त्यांनीं तो एकदां स्वतःशीं म्हटला आणि उठून गेल्या.

आणि तिसरी वांचलेली कोंबडी? ती खुराड्यांत नव्हतीच. ती घराच्या दुसऱ्या टोकास, पुढच्या पडवींत, डालग्याखालीं १२ अंड्यांवर बसलेली होती. तिला दाणा-पाणी माझी आई घालीत असे. आईचा पाय परसांतल्या खुराड्याकडे वळत नसे आणि माझा पाय त्या डालग्याकडे. मला हें पुढें कळलें कीं, त्या कोंबडीला वांचविण्यांत डालग्याइतकाच वांटा आईच्या निराळ्या हाताचा होता.

ह्या रोगास आपल्याकडे मानमोडी म्हणतात. शास्त्रीय व्यवहारांत त्याचें नांव राणीखेत. कुमाऊंच्या डोंगरांतील राणीखेत ह्या थंड हवेच्या गांवीं १९२७ च्या सुमारास तो भारतांत ओळखला गेला, म्हणून त्या निसर्गरम्य गांवाचें नांव कायमचें ह्या मरीला चिकटलें. त्याच्या आदल्या वर्षीं इंग्लंडांत न्यूकॅसल येथें व जावा बेटांत हाच रोग आढळला होता, आणि पाश्चात्त्य देशांत तो न्यूकॅसलच्या नांवानें ओळखला जातो. रोग विषाणूंचा, श्वासांतून, विष्ठेंतून, लाळेंतून, पाण्याच्या भांड्यांतून, माणसाच्या वहाणांतून व बाजारच्या पिशवींतूनही तो जातो. अंगांत शिरल्यापासून तो प्रकट होण्यास दोन दिवसांपासून पंधरा दिवसांपर्यंत कितीही काळ लागतो. बहुधा पांच-सहा दिवस. म्हणजे बाजारांत ताजातवाना दिसणारा कोंबडा हा निरोगीच असतो असें मुळींच नाहीं.

ह्या रोगावर औषध नाहीं, पण लस आहे. कुमाऊंतीलच मुक्तेश्वर येथील पशुवैद्यक संशोधनसंस्थेंत १९४० नंतरच्या दशकांत ती सिद्ध झाली, आणि मोठ्या पक्ष्यांना टोंचण्याची ती लस आजही देशभर वापरांत आहे. पिलाला पहिल्या आठवड्यांत डोळ्यांत किंवा नाकांत सौम्य लसीचा थेंब टाकावा, व सहा ते आठ आठवड्यांचें झाल्यावर मोठी लस टोंचावी, असा सर्वसाधारण क्रम आहे. मग लस असतां गांवोगांव मर कां येते? कारण लसीची कुपी १०० मात्रांची असते आणि आपल्या घरीं कोंबड्या असतात १२. कुपी एकदां पाण्यांत कालविली म्हणजे ती थंड ठेवूनही दोनेक तासांत संपवावी लागते. बारा कोंबड्यांसाठीं शंभरांची कुपी फोडावयास कोण तयार होणार? ह्यावर तोड एकच, ती म्हणजे आळींतील आठ-दहा घरांनीं एक दिवस ठरवावा. पहांटे, कोंबड्या सोडण्यापूर्वीं, एका माणसानें बर्फाच्या डब्यांत कुपी घेऊन घरोघर फिरावें. आमच्या आळींत हें १९९७ पासून चालू आहे. तथापि लसीवर सगळा भार टाकून चालत नाहीं. इतर रोग आहेत, जनावरें आहेत, आणि कोंबड्यांचीं आपसांतलीं भांडणें आहेत. तेथें खुराड्यांची वांटणी उपयोगीं पडते.

आतां मूळ मुद्द्याकडे येतों. पंचवीस-तीस पक्ष्यांच्या घरगुती कळपासाठीं तीन खुराडीं असावींत असें माझें मत झालेलें आहे. आणि डालगीं हाताशीं असावींत तीं निराळीं. पहिलें खुराडें अंड्यावरच्या कोंबड्यांचें. दुसरें, आईपासून सुटलेल्या तलंगांचें. तिसरें, आणि तेंच सर्वांत लहान व सर्वांत दूर, नव्यानें आणलेल्या किंवा आजारी पक्ष्यांचें. हें तिसरें खुराडें वर्षांतील बहुतेक दिवस रिकामें असतें, आणि रिकामें आहे म्हणून घरांतील माणसें त्यांत लांकडें, गोंवऱ्या, नारळाच्या झावळ्या भरून ठेवतात. ती संवय मोडावी. ज्या दिवशीं त्याची गरज लागते त्या दिवशीं लांकडें बाहेर काढण्याइतका वेळ मिळत नाहीं. नवा पक्षी कोणाच्याही घरून आलेला असो, सख्ख्या बहिणीनें दिलेला असो, त्यानें तीन ते चार आठवडे येथेंच राहावें. पाहुण्याचा हा अपमान नव्हे हें बहिणीस समजावून सांगावें. माझी बहीण दोन वर्षें रुसलेली होती, पुढें तिच्याच घरीं तिसरें खुराडें झालें.

तलंगांना मोठ्यांपासून वेगळें कां ठेवावें, ह्याचीं कारणें दोन. पहिलें कारण रक्ती हगवण. तीन ते सहा आठवड्यांच्या पिलांना ती विशेष होते. तिचे सूक्ष्म जंतू मोठ्या कोंबडीच्या आंतड्यांत मुकाट्यानें राहतात. ती स्वतः सुखरूप असते, पण तिच्या विष्ठेंतून ते बाहेर पडतात, आणि ओलसर, उबदार जमीन मिळाली कीं एक-दोन दिवसांत दुसऱ्याला बाधण्याजोगे होतात. आमच्या जिल्ह्यांत वर्षाला ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. अशा मुलखांत आषाढाच्या ओलीमध्यें पिलें व म्हाताऱ्या कोंबड्या एकाच तुसावर झोंपविणें म्हणजे त्या जंतूंस आमंत्रण देणेंच होय.

दुसरें कारण टोंचण्याचें. नॉर्वे देशांतील थॉर्लिफ श्येल्डरुप-एब्बे ह्या गृहस्थांस लहानपणापासून कोंबड्यांचा नाद होता. कोण कोणास टोंचते व कोण मुकाट्यानें बाजूस होते ह्याच्या ते नोंदी ठेवीत, आणि १९२२ सालीं त्यांनीं जगास दाखवून दिलें कीं, प्रत्येक कळपांत एक उतरंड असते. सर्वांत वरची कोंबडी सर्वांना टोंचूं शकते, दुसरी पहिलीस सोडून बाकीच्यांना, आणि सर्वांत खालची बिचारी कोणासच नाहीं. ज्यांनीं कचेरींत नोकरी केलेली आहे त्यांस हा शोध फारसा नवा वाटणार नाहीं. ही उतरंड एकदां ठरली म्हणजे कळप शांत असतो. नवा पक्षी आला, किंवा वाढत्या वयाच्या पोरी मोठ्यांत मिसळल्या, कीं ती पुन्हां ठरवावी लागते, आणि ठरविण्याचें साधन म्हणजे चोंच. दिवसा अंगणांत मार खाणाऱ्याला पळावयास जागा असते. रात्रीं बंद खुराड्यांत, व विशेषतः पहांटे दार उघडण्यापूर्वींच्या अर्ध्या तासांत, ती नसते. डोक्यावरून रक्त आलेली तलंग मीं ज्या ज्या वेळीं पाहिली त्या त्या वेळीं ती सकाळीं उशिरां उठणाऱ्या घरांतली होती. रक्त दिसलें कीं इतर कोंबड्याही तेथेंच टोंचूं लागतात. म्हणून चार-साडेचार महिन्यांच्या होईपर्यंत तलंगांचा संसार वेगळा असावा; त्यानंतर मध्यें जाळी ठेवून पंधरा दिवस एकमेकींस नुसतें पाहूं द्यावें, आणि मग एखाद्या रात्रीं अंधारांत हळूच उचलून मोठ्यांच्या दांडीवर नेऊन बसवावें. कोंबडीला अंधारांत जवळजवळ दिसत नाहीं. सकाळीं उठल्यावर शेजारीण नवी आहे हें लक्षांत येतें खरें, पण मारामारी पुष्कळ कमी होते. एकटीला न मिसळतां दोघी-तिघींना एकदम मिसळावें. मार वांटला जातो.

कोंबड्यांचेंही, म्हणजे नरांचेंही, असेंच. आठ-दहा माद्यांस एक नर पुरे. दुसरा चांगला नर राखावयाचा असेल तर त्याला तलंगांच्या खुराड्यांत ठेवावें. दोन्ही दारें समोरासमोर मात्र असूं नयेत. माझ्याकडे एकदां तशीं होतीं. दोघे वीर सकाळीं दार उघडण्याच्या आधींच जाळीवर धडका देऊन तुरे रक्तबंबाळ करून घेत.

बांधणीविषयीं फार सांगत बसत नाहीं, पण कांहीं मापें उपयोगी आहेत. केवळ रात्रीच्या निवाऱ्यासाठीं एका देशी कोंबडीस सुमारें २ चौरस फूट जमीन व बसण्याच्या दांडीवर ८ इंच जागा धरावी. म्हणजे दहा कोंबड्यांना ५ फूट लांब व ४ फूट रुंद खुराडें आणि त्यांत दोन दांड्या हें पुरेसें होतें. चार-पांच कोंबड्यांमागें अंडीं घालण्याची एक पेटी असावी. लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे उन्हाचा मारा अरुंद भिंतींवर पडतो. आमच्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो, म्हणून त्या बाजूचें छप्पर दोन फूट तरी पुढें काढावें. तळाशीं भाताच्या तुसाचा चार-सहा इंचांचा थर द्यावा. सकाळीं खुराड्यांत डोकें घालावें, तेंही कोंबडी बसते त्या उंचीवर. नाकाला झोंबणारा वास आला तर वरच्या बाजूस झरोके कमी आहेत असें समजावें. तो वास विष्ठेंतून सुटणाऱ्या अमोनियाचा असतो, आणि आपल्या नाकाला क्षणभर झोंबतो तो त्यांच्या छातींत रात्रभर जात असतो.

जाळीबद्दल मात्र थोडें अधिक सांगतों. बाजारांत षट्कोनी घरांची जी पातळ जाळी मिळते ती कोंबडीला आंत ठेवण्यास पुरते, जनावराला बाहेर ठेवण्यास पुरत नाहीं. मुंगसाचें डोकें जेथें शिरतें तेथें त्याचें अंग शिरतें. म्हणून अर्ध्या इंचाची, सांधे जोडलेली जाड तारेची जाळी लावावी, आणि पायाशीं घूस उकरूं नये म्हणून चिरे बसवावे किंवा जाळीच फूटभर जमिनींत गाडावी. २००९ सालच्या पावसाळ्यांत एका रात्रीं मीं तलंगांच्या खुराड्याची कडी लावण्यास विसरलों. कोणा दुसऱ्यावर दोष ढकलावा असें फार वाटलें, परंतु दारें लावण्याचें काम माझेंच होतें. कांडेचोर आंत शिरला. आंत नऊ तलंगा होत्या. त्यानें खाल्ली एक, मारल्या सात. बंद जागेंत घाबरून फडफडणारीं पांखरें पुढ्यांत असलीं कीं हें जनावर भुकेपुरतें मारून थांबत नाहीं. बाकीचीं दोन खुराडीं दहा पावलांवर होतीं आणि त्यांच्या कड्या लावलेल्या होत्या. तेथील सतरा पांखरें सकाळीं जशींच्या तशीं बाहेर आलीं. एकच खुराडें असतें तर मीं १९९६ ची पुनरावृत्ति पाहिली असती.

तिसरा लाभ असा कीं, अनेक खुराडीं असलीं तर त्यांपैकीं एक रिकामें करतां येतें. कोंबड्यांच्या अंगावर एक प्रकारची मऊ पाठीची गोचीड पडते. दिवसा ती भिंतीच्या फटींत, दांडीच्या खांचेंत लपून बसते. रात्रीं बाहेर येऊन रक्त पिते. दिवसा कोंबडी कितीही तपासली तरी ती बहुधा सांपडत नाहीं, आणि मालक म्हणतो, कोंबड्या उगीच पांढऱ्या पडत चालल्या आहेत. तिच्या चाव्यानें प्राणघातक तापही येतो. ह्या गोचिडीचा बंदोबस्त पांखरें आंत असतां नीट होत नाहीं. मी दरवर्षीं दिवाळीनंतर एकेक खुराडें पाळीनें रिकामें करतों. तूस जाळतों, दांड्या उन्हांत टाकतों, फटींत उकळतें पाणी ओततों, मग चुन्यानें लिंपतों. खुराडें नुसतें महिनाभर ओसाड ठेवलें म्हणजे गोचिडी उपासानें मरतील असें कांहीं लोक समजतात. तसें होत नाहीं. ही गोचीड वर्ष-वर्ष उपाशी राहूं शकते. आपला धीर तिच्यापुढें टिकावयाचा नाहीं. उकळतें पाणी व चुना हेच खरे.

ह्यावर आक्षेप येतात, ते खोटे नाहींत. तीन दारें लावावीं लागतात, तीन ठिकाणीं पाणी. खर्चाविषयीं म्हणाल तर तीन लहान खुराड्यांना एका मोठ्याहून भिंती जास्त लागतात हें गणित पांचवींतला मुलगाही सांगेल. पण तिसरें खुराडें जुन्या दाराच्या फळ्यांचें, पायांवर उचललेलें असें केलें तरी भागतें. खर्च वांचविण्यासाठीं एकाच भिंतीच्या दोन बाजूंस दोन खुराडीं काढूं नयेत एवढीच माझी विनंती आहे. मध्यें एक भिंत घातली म्हणजे खुराडीं दोन झालीं असें दिसतें; वारा एकच, ओल एकच, पन्हळ एकच, आणि गोचिडीला तर शेजार म्हणजे आयतीच सोय. निदान पंधरा-वीस फुटांचें अंतर असावें, व आजाऱ्यांचें खुराडें वाऱ्याच्या खालच्या अंगास असावें.

अंतर ठेवूनही माणूस तेंच काम करून बसला तर व्यर्थ. म्हणून रोजच्या फेरीचा क्रम मोडूं नये. प्रथम पिलें, मग तलंगा, मग मोठ्या कोंबड्या, आणि सर्वांच्या शेवटीं नव्या व आजारी पांखरांचें खुराडें. तेथून परत दुसरीकडे जावयाचें नाहीं. हात-पाय धुऊन घरांत यावयाचें. त्या खुराड्याजवळ एक जुनी वहाणांची जोडी ठेवावी व ती तेथेंच वापरावी. त्याचें भांडें त्याचेंच. हीं भांडीं बदलूं नयेत म्हणून मीं त्यांच्या कांठांना निरनिराळे रंग दिले आहेत. घरांतील लहान मुलेंही आतां चूक दाखवितात.

संध्याकाळीं कोणती कोंबडी कोठें जाणार हें त्यांना कसें कळतें, असें मला नेहमीं विचारतात. कोंबडी जेथें झोंपते तें तिचें घर. नव्या खुराड्यांत तिला पांच-सात दिवस बंद ठेवावें, तेथेंच दाणा-पाणी द्यावें. आठव्या दिवशीं सोडलें तरी तिन्हीसांजेला ती आपण होऊन तेथेंच येते. एखादी हट्टी जुन्या दारावर जाऊन उभी राहते. तिला अंधार पडल्यावर उचलून नेण्यावांचून गति नाहीं. दारें लावतांना मात्र डोकीं मोजावीं. एका खुराड्यांत २६ डोकीं अंधारांत मोजणें अवघड. नऊ-दहा सहज मोजतां येतात, आणि एखादी कमी असली तर ती कोणत्या कळपांतली हें तत्काळ समजतें.

ह्या उपायाची मर्यादाही सांगितली पाहिजे. २००६ च्या फेब्रुवारींत नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें बर्ड फ्लू आढळला. भारतांतील कोंबड्यांत तो प्रथमच प्रकट झाला होता. त्या वेळीं लाखों पक्षी मारण्यांत आले, आणि ठरलेल्या टापूंतील घरगुती कोंबड्याही त्यांतून सुटल्या नाहींत. अशा प्रसंगीं आपल्या अंगणांत खुराडीं तीन आहेत कीं तीस, ह्याला अर्थ उरत नाहीं. पक्षी एकाएकी मोठ्या संख्येनें मरूं लागले तर ते पुरून मोकळें न होतां पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावें, मेलेल्यांस उघड्या हातानें स्पर्श करूं नये, आणि उरलेले घाईघाईनें बाजारांत नेऊं नयेत. मला कोंबडा विकणारा तो घाईंतला इसम कदाचित् हेंच करीत होता.

पडवींतल्या त्या कोंबडीचें राहिलें. एकविसाव्या दिवशीं तिच्या १२ अंड्यांपैकीं १० फुटलीं. त्या दहा पिलांना मीं परसांत पाऊल ठेवूं दिलें नाहीं; जुनें खुराडें पावसाळाभर रिकामेंच होतें. दिवाळीच्या सुमारास त्यांतल्या पांच तलंगा व एक नर घेऊन मी काकूंकडे गेलों. काकूंनीं एकेकीला उचलून पाहिलें, पायांचे खवले चाचपले, आणि दोन तलंगा व तो नर ठेवून घेतला.

“ह्या बाकीच्या तिघी परत ने,” त्या म्हणाल्या.

“काकू, ह्या तुमच्याच आहेत. मीं तुमचें फार देणें लागतों.”

“माझ्याच आहेत, म्हणून तर तुझ्याकडे ठेवतें. माझ्या दोघी गेल्या तर तुझ्याकडून तिघी नेईन. आणि तुझ्या दोन माझ्याकडे आणून ठेव.”

तेव्हांपासून दोन्ही घरांत ही पद्धत आहे. काकू २०११ सालीं वारल्या. त्यांचा नातू आतां नोकरी सांभाळून कोंबड्या पाळतो. माझ्या तीन त्याच्या खुराड्यांत आहेत, त्याच्या चार माझ्याकडे, आणि त्यांच्या पायांत ओळखीसाठीं निळा दोरा बांधलेला आहे.